पावसाळ्यात क्लॅरिनेटची रीड लवकर का बसते?

दर जूनला तक्रार तीच असते. दहाच्या पाकिटातून नवी रीड (वाद्याच्या तोंडाशी बसवायची, फुंकरीने थरथरणारी काडीची पातळ पट्टी) काढली, तीन-चार दिवस गोड वाजली, मग जड झाली. फुंकर जास्त लागते, आवाज घोगरा येतो, वरचे सूर खाली उतरतात आणि रजिस्टर की (वरच्या पट्टीत नेणारी कळ) उघडून वर जाताना वाद्य चिरकते. आठ-दहा दिवसांनी डबी उघडावी तर सपाट बाजूवर राखाडी ठिपके. ती फेकून दुसरी काढायची, आणि गणपती येईपर्यंत अख्खे पाकीट संपलेले असते.

बहुतेक वेळा यात रीडच्या दर्जाचा दोष नसतो. चूक असते ती निगा राखण्याच्या सल्ल्यात. क्लॅरिनेटबद्दलचे बरेचसे लेखन थंड, कोरड्या मुलखातून आलेले आहे. तिथे हिवाळ्यात घरे तापवतात, घरातली हवा ठणठणीत कोरडी होते, रीड वाळून वाकडी होते आणि तिचे टोक चिरते. म्हणून तिथले लोक सांगतात की रीड ओलसर ठेवा, डबीत भिजवलेला स्पंज ठेवा. अलिबाग असो की वेंगुर्ला, जून ते सप्टेंबर हा सल्ला पाळला तर रीड कुजते. आपल्याकडे रीड मरते ती कधीच पुरती न वाळल्यामुळे. भिजवायला लागतो मिनिटभर, खरी मेहनत वाळवण्यात आहे.

रीड ही एक गवताची काडी आहे

रीड बनते अरुंडो डोनॅक्स नावाच्या उंच, पोकळ काडीच्या गवतापासून. फ्रान्सच्या दक्षिणेला व्हार भागात त्याची नावाजलेली लागवड आहे, अर्जेंटिनातही होते. हे गवत बांबूच्याच कुळातले, त्यामुळे कोकणातल्या माणसाला त्याचा स्वभाव वेगळा समजावून सांगायला नको. श्रावणात माळ्यावरच्या सुपावर, रोवळीवर जी पांढरी-राखाडी बुरशी धरते तीच रीडवर धरते, आणि कारणही तेच: काडीत साखर आणि पिष्ट असते, हवेत ओल असते, वारा नसतो. रीडला तर वरून थुंकीतले अन्नकणही मिळतात.

काडीच्या आत लांबीच्या दिशेने कडक शिरा असतात आणि त्यांच्या मध्ये मऊ गर. पाणी लागले की गर फुगतो, शिरा फारशा बदलत नाहीत. म्हणून रीड लांबीला वाढत नाही, आडवी फुगते. तिची खालची बाजू, जी माउथपीसवर (तोंडात धरायच्या तुकड्यावर) काचेसारखी सपाट टेकायला हवी, ती मध्यभागी किंचित फुगून बाहेर येते. कडांखालून हवा निसटते, आणि चिरकणे, जडपणा, घोगरेपणा या तिन्ही तक्रारी एकदम सुरू होतात. रीड पूर्ण वाळली तर फुगवटा बराचसा बसतो. अर्धवट वाळून परत भिजली, परत अर्धवट वाळली, असे आठवडाभर चालले तर तो कायमचा होतो. शिवाय जितका वेळ ती पाण्यात राहील तितके आतले विरघळणारे घटक बाहेर पडतात आणि गर पोचट होतो. पोचट झालेली रीड वाळवून परत येत नाही.

पुढे शब्द सारखे येतील म्हणून: ओठाकडचे पातळ ते टोक, टोकापासून सालीपर्यंतचा घासलेला भाग तो उतार, त्याच्या मधला जाड भाग गाभा, आणि लिगेचरमध्ये (रीड माउथपीसला आवळणाऱ्या पट्ट्यात) पकडले जाते ते बूड. टोकाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, वहीच्या कागदाएवढी. बूड तीन मिलिमीटरच्या आसपास. टोक पाच मिनिटांत वाळते, बुडाला कितीतरी जास्त वेळ लागतो. हाताला टोक कोरडे लागले म्हणून डबी बंद करणे ही पावसाळ्यातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. वँडोरेन कंपनीची निळ्या पाकिटातली पारंपरिक रीड बुडाशी २.८ मिलिमीटर असते, तिचीच व्ही-१२ ही रीड ३.१५ मिलिमीटर. जाड बुडाची रीड वापरत असाल तर वाळवण्याचा वेळ त्या हिशोबाने वाढवा.

आधी दोष रीडचाच आहे ना, ते बघा

चिरकणे म्हणजे रीड खराब, असे धरून चालू नका. खाऱ्या हवेत पॅडची (भोके झाकणाऱ्या गाद्यांची) कातडी आणि जोडांचा कॉर्क दोन्ही दगा देतात.

सोपी कसोटी अशी. रीड भिजवून माउथपीसवर बसवा. माउथपीस बॅरलमधून (त्याच्या खालच्या तुकड्यातून) काढून खालचे भोक तळहाताने घट्ट दाबा. वरून तोंडाने हवा ओढून घ्या आणि ओठ सोडा. रीड दोन-तीन सेकंद माउथपीसला चिकटून राहून मग ‘टप्’ असा आवाज करत सुटली तर खालची बाजू नीट टेकते आहे. ओठ सोडताच लगेच सुटली, किंवा कितीही ओढली तरी हवा येतच राहिली, तर कुठून तरी गळती आहे. रीड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सरकवून पुन्हा करा. मग दुसऱ्या रीडवर करा. दुसरी चिकटते आणि पहिली चिकटत नाही, म्हणजे पहिलीच वाकडी. दोन्ही चिकटतात आणि तरी वाद्य चिरकते, म्हणजे दोष खाली, पॅडमध्ये किंवा जोडाच्या कॉर्कमध्ये आहे. तिथे रीड बदलून काही होणार नाही.

खालची बाजू वाकली आहे का हे डोळ्यांनीही दिसते. फोटोफ्रेमची काच घ्या, ओल्या रीडची सपाट बाजू तिच्यावर ठेवा, काच उलटी करून खालून बघा. ओलीचा गडद डाग बुडापासून सगळीकडे सारखा दिसायला हवा. मध्यभागीच गडद पट्टा आणि कडांना फिकट, म्हणजे पोट सुटले आहे. बोटाने एका कडेला हलके दाबल्यावर रीड डुलली तर खात्रीच.

आणखी एक गोष्ट. जुलैत रीड जड लागते म्हणून पुष्कळ जण अडीच नंबरवरून कमी कडक अशा दोनवर येतात. जडपणा ओलीचा असतो, कडकपणाचा नाही. रीड नीट वाळवायला लागलात की तोच दोन नंबर इतका मऊ लागेल की वरचे सूर दबतील. नंबर बदलण्याआधी दोन आठवडे वाळवण्याची शिस्त पाळून बघा.

भिजवणे

रीड वाजण्यासाठी ओली लागते, तुडुंब नाही.

स्वच्छ वाटीत पिण्याचे पाणी घ्या, रीड बुडेल एवढेच. रीड सबंध बुडवा. फक्त टोक भिजवले की सपाट बाजू निम्मी फुगलेली आणि निम्मी कोरडी राहते, आणि माउथपीसवर वेडीवाकडी बसते. पावसाळ्यात ३० ते ४५ सेकंद पुरतात, कारण हवेतूनच तिने बरीच ओल घेतलेली असते. हिवाळ्यात, मतलई वारा सुटलेला असताना, एक ते दोन मिनिटे. वर काढल्यावर काचेवर सपाट बाजू खाली ठेवून अंगठ्याने बुडाकडून टोकाकडे दोन-तीनदा दाबत न्या. जादा पाणी निघते आणि उतारावरच्या नळ्यांची तोंडे दबली जातात. काडीच्या शिरांमध्ये आरपार नळ्या असतात: भिजलेल्या रीडच्या बुडाकडून तोंडाने फुंकले तर उतारावर बारीक बुडबुडे येतात. नव्या रीडवर ते दिसणारच. चार-पाच दिवस असे दाबत राहिले की कमी होतात, आणि रीड पाणी कमी पिते.

वाजवण्याआधी तासभर वाटीत टाकून ठेवणे, किंवा पुढची रीड तयार असावी म्हणून पाण्याच्या बाटलीतच सोडून देणे, हे बंद करा. तुडुंब भिजलेली रीड रंगाने करडट दिसते, उजेडासमोर धरली तर गाभ्याची सावली पुसट होते, आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा येतो. अशी झालीच तर पुसून पंख्याखाली ठेवा आणि त्या दिवशी तिला हात लावू नका.

नुसत्या थुंकीने भिजवले तर? घाईच्या वेळी चालेल. पण थुंकीत पिष्ट फोडणारे पाचकरस असतात आणि क्षारही. रोज तसेच केले तर टोक लवकर मऊ पडते आणि उतारावर पांढुरका थर बसतो.

पाणी कुठले, हा प्रश्न किनाऱ्यालगतच्या गावांना खरोखर पडतो. एप्रिल-मेमध्ये समुद्राजवळच्या विहिरी मचूळ होतात. असल्या पाण्यातले मीठ रीडमध्ये राहते आणि मीठ हवेतली ओल ओढते. मग कितीही वाळवली तरी रीड चिकट, दमट लागते. जे पाणी पिण्यात मचूळ लागते त्यात रीड भिजवू नका.

टोक लाटांसारखे झाले असेल तर घाबरायचे कारण नाही. ती मेलेली नाही. वाळताना टोकाचा गर आणि शिरा वेगवेगळ्या आक्रसतात म्हणून असे होते. दोन मिनिटे पाण्यात, मग काचेवर अंगठ्याखाली अर्धा मिनिट धरा, टोक सरळ होते. हे रोज व्हायला लागले तर तुमची डबी गरजेपेक्षा कोरडी आहे. पावसाळ्यात सहसा होत नाही. झालेच तर डबीत सिलिका जेल जास्त झाले असे समजा.

नवी रीड चालू करताना

नवी रीड पाकिटातून काढून थेट वरातीत नेणे म्हणजे ती दोन दिवसांत गमावणे. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, खालच्या पट्टीतले लांब सूर, मध्यम जोर. पुसून वाळवा. दुसऱ्या दिवशी सात-आठ मिनिटे. तिसऱ्या दिवशी दहा, आता रजिस्टर की उघडून वरचे सूर घ्यायला हरकत नाही. पुढे रोज पाच-पाच मिनिटे वाढवत सहाव्या-सातव्या दिवशी ती अर्धा तास सलग वाजवण्याजोगी होते. हा काळ गराला हळूहळू फुगण्या-आक्रसण्याची सवय लावण्याचा आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालची बाजू काचेवर तपासा. पोट सुटले असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर (पॉलिश पेपर) घ्या, ६०० नंबरचा. काचेवर पसरा. रीड पूर्ण वाळलेली असू द्या. सपाट बाजू खाली ठेवून बुडावर आणि सालीवर दोन बोटे ठेवा, टोकावर बोट अजिबात नको, आणि लांबीच्या दिशेने सावकाश आठ-दहा वेळा ओढा. मग बघा. घासलेला भाग पांढरट चमकतो, न घासलेला पिवळसर राहतो. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. एका बैठकीत वीसच्या वर ओढू नका. टोक आधीच कागदाएवढे आहे, खालून घासताना तेही झिजते.

एकाच वेळी किमान चार रीड चालू ठेवा. बुडाच्या सालीवर पेन्सिलीने क्रमांक आणि पहिल्यांदा वाजवल्याची तारीख लिहा. आज १, उद्या २, असे फिरवत राहा. कुठलीही रीड वाजवल्यावर तिला पूर्ण दोन-तीन दिवस वाळायला मिळतात, आणि पावसाळ्यात हा एकच बदल बाकी सगळ्या उपायांएवढे काम करतो. एकाच लाडक्या रीडवर रोज दोन तास वाजवायचे आणि ती बसली की रडायचे, यापेक्षा चार साधारण रीड फिरवणे कधीही बरे. चारांतली एक कार्यक्रमासाठी राखून ठेवता येते.

वाजवून झाल्यावरची वीस मिनिटे

पावसाळ्यात रीड वाचते किंवा जाते ती इथेच.

रीड माउथपीसवर ठेवून टोपण लावून पेटी बंद करणे सगळ्यात वाईट. सपाट बाजूला वारा लागत नाही, माउथपीसच्या कडांचे वळ उमटतात, आणि सकाळपर्यंत त्या बंद जागेत बुरशीसाठी उत्तम हवा तयार होते. लिगेचर सैल करा, रीड काढा. स्वच्छ पाण्याखाली दोन सेकंद धरा, थुंकी जाऊ द्या. मग तर्जनीवर सपाट बाजू टेकवून मऊ सुती फडक्याने बुडाकडून टोकाकडे पुसा. आडवे किंवा उलटे पुसले की टोकाचा कोपरा फडक्यात अडकून उडतो. फार रीड या एका कारणाने जातात, आणि दोष कंपनीला लागतो.

मग वाळवणे. काचेवर सपाट बाजू खाली ठेवून सोडून दिली तर वरची बाजू वाळते, खालची ओली राहते आणि रीड धनुष्यासारखी वळते. पहिली दहा-पंधरा मिनिटे दोन्ही बाजूंना वारा हवा. कपड्याच्या लाकडी चिमट्यात बूड पकडून चिमटा टेबलावर आडवा ठेवा, रीड हवेत मोकळी राहील. पंखा मंद, दोन-तीन हात लांब. त्यानंतर खाचा असलेल्या सपाट डबीत ठेवा, पण झाकण आणखी दहा मिनिटे उघडेच. बाहेर धो धो कोसळत असेल आणि भिंतींना घाम फुटलेला असेल तर हा वेळ दुप्पट करा. ऊन, हेअर ड्रायर, गॅसजवळची ऊब यांपैकी काहीही नको: टोक आधी वाळून चिरते आणि बूड आत ओलेच राहते.

वाळली की नाही हे ओठांना कळते. बुडाची सपाट बाजू वरच्या ओठाला लावा. गार लागली तर अजून ओली आहे. हाताच्या बोटांना हा फरक कळत नाही.

डबीतली हवा

वाळलेली रीड पावसाळ्यात उघड्यावर ठेवली तर हवेतून पुन्हा ओल घेते, म्हणून आता घट्ट झाकणाची डबी लागते. आत ओलावा ५५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर बुरशी धरत नाही आणि टोकही वळत नाही. यासाठी दोन्ही बाजूंनी काम करणारे ओलावा-पॅक वाद्यांच्या दुकानांत मिळतात. जास्त ओल असली तर ते शोषतात, कमी असली तर सोडतात. पॅकवर ५८, ७३, ८४ असे आकडे असतात. परदेशात ७३ चा सर्रास घेतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ५८ चाच घ्या. ओली रीड आत टाकत राहिलात तर हा महागडा पॅक पंधरा दिवसांत फुगून पाणचट होतो आणि मग काहीच करत नाही. आधी वाळवा, मग पॅकवर भरवसा ठेवा.

पॅक मिळत नसेल तर सिलिका जेल. पांढरे किंवा नारिंगी घ्या. निळ्या जातीत कोबाल्टचे क्षार असतात, आणि जी वस्तू ओठाला लागते तिच्या डबीत ते नकोत. दोन चमचे दाणे मलमलच्या कापडात बांधून डबीच्या कोपऱ्यात ठेवा, रीडला न लागता. सिलिका फक्त शोषते, थांबत नाही. ओलावा ५० च्या खाली गेला की पुरचुंडी काढून घ्या. नारिंगी दाणे हिरवे झाले की भरले असे समजावे. सुटे दाणे ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दीड तास ठेवले की परत कामाचे होतात. तांदळाची पुरचुंडी जवळजवळ निरुपयोगी आहे, पावसाळ्यात तांदूळच दमट असतो.

आकडा कळायला लहान डिजिटल हायग्रोमीटर डबीत ठेवा. स्वस्त असतो आणि म्हणून चुकीचाही असू शकतो. तपासायची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकत ओल्या वाळूसारखे करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर एकाच घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत दहा-बारा तास ठेवा. ओल्या मिठावरच्या बंद हवेत ओलावा ७५ टक्क्यांवर स्थिर होतो. तुमच्या यंत्राने ८० दाखवले तर ते पाच जास्त दाखवते, एवढे लक्षात ठेवून वापरा.

बुरशी

सालीवरचे तपकिरी ठिपके, रेषा, नक्षी ही काडीची जन्मखूण आहे, बुरशी नव्हे. बुरशी धरते ती उतारावर आणि सपाट बाजूवर: राखाडी, हिरवट किंवा काळे ठिपके, कधी पांढरी लव, आणि मातकट वास. वास आला आणि ठिपके दिसत नसले तरी रीड त्या दिवशी वाजवू नका.

ठिपके वरवरचे, एक-दोन असतील तर उपाय करता येतो. मेडिकलमध्ये मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा २० व्हॉल्यूमचे, म्हणजे ६ टक्क्यांचे असते. बाटलीवर वाचा. तेवढेच पाणी घालून ३ टक्के करा. काचेच्या वाटीत रीड दहा मिनिटे. फेस येतो, येऊ द्या. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, मिनिटभर साध्या पाण्यात ठेवा, पुसा, वाळवा. हे महिन्यातून एकदा पुरे, जास्त केले तर गर मऊ पडतो. साबण, डेटॉल, स्पिरिट वापरू नका. काडी ते आत पिते आणि मग तुम्ही ते ओठाने ओढता. उकळत्या पाण्याने बुरशी मरते खरी, पण रीडही.

काळे डाग खोल गेले असतील, घासूनही जात नसतील, तर रीड फेका. इथे काटकसर नको. बुरशीचे कण वर्षानुवर्षे फुंकवाद्यातून छातीत जाऊन फुप्फुसाला सूज आल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. एका रीडमागे डबीतल्या सगळ्या रीड तपासा, डबी पेरॉक्साइडने पुसून उन्हात कोरडी करा, आणि माउथपीसही धुवा. तो काळ्या एबोनाइटचा (कडक रबराचा) असेल तर पाणी कोमटच, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरे. गरम पाण्याने एबोनाइट हिरवट-तपकिरी होतो आणि त्याला रबराचा वास सुटतो.

वरात, मिरवणूक, घाट

मेमधल्या दुपारच्या वरातीत उलटी अडचण येते. दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य खाली धरले की उन्हात टोक पाहता पाहता वाळते आणि पुढचा पहिलाच सूर चिरकतो. टोपण जवळ ठेवा आणि थांबलात की लगेच लावा, वरातीपुरते तेवढे चालते. पान, तंबाखू, सरबत घेतलेत तर चूळ भरल्याशिवाय वाद्याला तोंड लावू नका. साखर आणि पानाचा रस टोकावर सुकून थर बसतो, तो खरवडताना टोक जाते, आणि त्याच साखरेवर पुढे बुरशी वाढते.

गणपतीच्या मिरवणुकीत भर पावसात वाजवायचे असेल तर लाकडी क्लॅरिनेट घरीच राहू द्या, प्लास्टिकचा न्या, आणि रीडही कृत्रिम घ्या. लेजेर कंपनीच्या असल्या रीडला भिजवावे लागत नाही, वाळवावे लागत नाही, बुरशीला खायला तिच्यात काही नसते. किंमत काडीच्या कितीतरी रीडइतकी असते आणि तीही वाजून वाजून मऊ पडते, पण रस्त्यावरच्या कामाला एक जवळ असावी. बैठकीत किंवा चर्चमध्ये जिथे सुराची गोडी ऐकली जाते तिथे काडीच बरी वाटते.

जानेवारीत आंबा घाट चढून कोल्हापूरला, किंवा मुंबईतल्या एसी हॉलमध्ये कार्यक्रमाला गेलात की किनाऱ्यावर सवय झालेली रीड एकदम पातळ, कर्कश लागते. डबी वाटेत उघडू नका. पोचल्यावर दोन ते तीन मिनिटे भिजवा, पाच मिनिटे खालच्या पट्टीत वाजवा, आणि काचेवर सपाट बाजू बघा. तिथे घासायला बसू नका: घरी परतल्यावर ती पुन्हा फुगणार आहे.

लिगेचरबद्दल थोडेसे. खालचा स्क्रू बेताचा घट्ट, वरचा त्याहून किंचित सैल. फुगलेली रीड गळते म्हणून स्क्रू आवळत गेलात तर बुडात खाच पडते आणि गळती तशीच राहते. रीडचे टोक माउथपीसच्या टोकाशी जवळजवळ जुळवा, केसाएवढी काळी रेघ वर दिसू द्या.

कधी सोडून द्यावी

नीट फिरवलेली आणि वाळवलेली रीड पावसाळ्यातही चार रीडच्या पाळीत दीड-दोन महिने साथ देऊ शकते. उतार करडा पडला, मधला सूर मोठ्याने फुंकल्यावर आवाज फाटतो, वरचे सूर कितीही ओठ आवळला तरी खालीच राहतात, म्हणजे गर संपला. रीड-कटरने टोक ०.२ मिलिमीटर छाटले तर आणखी थोडे दिवस मिळतात, ज्यांच्याकडे कटर आहे त्यांनी करावे. नखकटरने किंवा ब्लेडने करू नका, टोकाची गोलाई सारखी राहत नाही.

टोकाला चीर गेली, कोपरा उडाला, तर ती दुरुस्त होत नाही. बाद झालेल्या रीड मात्र लगेच टाकू नका, वॉटर पेपरवर किती जोर द्यायचा हे हाताला त्यांच्यावरच शिकवावे. बुरशी लागलेली तेवढी या सरावालाही घरात ठेवू नये.